कोंब मोजणाऱ्या काकूंचं पथ्य

काकू पोटातल्या वाऱ्याबद्दल हवामानाइतक्या सहजपणे बोलत. ‘सकाळी उजव्या अंगाला व्हता, आता मधी सरकलाय,’ असं त्या भाजीवाल्याला सांगत आणि त्याच दमात दोडके निवडून घेत. बँकेची रांग असो, लग्नाचा मांडव असो की दारात आलेला कुरिअरवाला, जागेनं काही फरक पडत नसे. ऐकणारा अवघडून इकडेतिकडे पाही. ते काकूंना दिसत असे. म्हणून वाक्य अर्ध्यावर सोडावं असं मात्र त्यांना कधी वाटलं नाही.

जालन्यात अंबड चौफुलीच्या अलीकडे त्यांचं घर होतं. वरच्या खोलीत मी तीन वर्षं राहिलो. मी एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो. काकू एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या. तिथे त्यांनी एकतीस वर्षं उगवण चाचणी केली. ओल्या कागदावर शंभर बिया ओळीनं मांडायच्या, कागद गुंडाळून ठरलेल्या तापमानात उभा करायचा, ठरलेल्या दिवशी उलगडायचा आणि कोंब मोजायचे. सरळ किती, वाकडे किती, कुजलेले किती. एका वाणाच्या अशा चार गुंडाळ्या. कपाशीची पहिली मोजणी चौथ्या दिवशी आणि शेवटची बाराव्या दिवशी. मधल्या दिवसांत कागद उघडून पाहायचा नाही, हा त्या कामाचा सगळ्यात कठीण भाग, असं त्या सांगत. नवी मुलं तिथेच चुकत.

प्रत्येक गुंडाळीत शिसपेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी असे, कारण ओल्या कागदात शाई पसरते. निवृत्तीनंतरही काकूंच्या कानामागे पेन्सिल असायची. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी होती. डाळ कोणती, कुठून आणली, डबा कधी उघडला. मुगाची डाळ संपत आली की त्या म्हणत, ‘ह्या लॉटनं तरास न्हाई दिला. ह्याच दुकानातून आणा.’

आणा, हे काकांना. काका एसटीचे निवृत्त वाहक. ते सगळं खात आणि सगळं पचवत, आणि त्याबद्दल त्यांना थोडा गर्व होता.

‘हिचं पोट म्हंजी आमची मंठ्याची जुनी गाडी,’ ते मला म्हणाले होते. ‘हात न्हाई केला तरी थांबती.’

‘अन् यायचं पोट म्हंजी मालट्रक,’ काकू आतून म्हणाल्या. ‘काय भरलं ते ड्रायव्हरलाबी माहीत न्हाई.’

लग्नाला जाताना काकू स्वतःचा डबा नेत. डबा नेणारी माणसं इतरही असतात, पण ती कोपऱ्यात बसून खातात. काकू पंगतीच्या मधोमध बसत, डबा उघडत आणि वाढप्याला मोठ्यानं सांगत, ‘मला भातच वाढ. तुमच्या भाजीत कांदा हाय, माझ्या पोटात वारं धरतं.’ यजमानांचे चेहरे पडत. नात्यातल्या बायका त्यांना ‘डबेवाली’ म्हणत. काकूंना ते ठाऊक होतं.

मी राहायला गेलो तेव्हा मला त्यांच्याकडून खोलीपलीकडे काही नको होतं. मलाही त्यांच्याच प्रकारचा त्रास आहे, हे मी लपवलं होतं.

त्रासाची हकिकत थोडक्यात अशी. खाल्लं की पोट फुगे. दुपारपर्यंत पँटचं बटण उघडावं लागे, त्यासाठी शर्ट बाहेर ठेवण्याची सवय लागली. कधी तीन दिवस शौचाला नाही, कधी तासाभरात तीनदा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बिणीनं आतडं पाहिलं आणि आयबीएस असं निदान लिहिलं. ‘आतड्यात बिघाड नाही. आतड्याची चाल बिघडली आहे,’ ते म्हणाले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि आहारतज्ज्ञांकडे जायची चिठ्ठी दिली. गोळ्या घेतल्या. चिठ्ठी पाकिटात राहिली. मी माझा उपाय आधीच काढला होता: दिवसभर खायचं नाही.

सकाळी सहाच्या गाडीनं निघायचं, पाण्यावर दिवस काढायचा आणि घरी आल्यावर जेवायचं. भुकेनं संध्याकाळी पोळ्या मोजायचं भान राहत नसे, आणि त्यानंतर पोट पुन्हा ढोलासारखं होई. मग दुसऱ्या दिवशी आणखी कडक उपाशी राहायचं.

यात एक अडचण होती. खेड्यात गेलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. पोटाचं कारण सांगायची लाज वाटे. म्हणून मी म्हणे, ‘आज माझा उपास आहे.’ उपासाला कुणी आग्रह करत नाही, अशी माझी समजूत होती. ती अर्धीच खरी होती. उपास असलेल्याला जेवणाचा आग्रह होत नाही, फराळाचा होतो, आणि तो मोडणं अधिक कठीण, कारण मधे देव असतो. शिवाय मी भोकरदनला सोमवार सांगितला होता, परतूरला गुरुवार आणि मंठ्याला शनिवार. एकदा दोन गावचे सरपंच जिल्हा परिषदेच्या आवारात माझ्यासमोरच बोलत उभे राहिले.

‘साहेबांचा सोमवार असतो. कडक.’

‘कुठला सोमवार? आमच्याकडं आल्ते तवा गुरुवार व्हता.’

‘मंग बाकीच्या वारानं काय घोडं मारलं? तेबी धरा की!’

दोघं हसले. मीही हसलो.

त्याच महिन्यात तीर्थपुरीला शेतकऱ्यांची बैठक होती. मी सकाळपासून उपाशी होतो. दुपारी दोनला ओळखीच्या एका दुकानदारानं घरी नेलं. मी उपास सांगितला. त्यांच्या आईंनी ताट भरून साबुदाण्याची खिचडी, तीन पिकलेली केळी आणि तांब्याभर साखर घातलेलं दूध पुढे ठेवलं. आठ तासांची भूक होती. मी सगळं संपवलं. अर्ध्या तासानं पोट दगड झालं. बैठक सोडून मी त्यांच्याच घरी परत गेलो आणि बराच वेळ परसदारी होतो. बाहेर आलो तेव्हा बैठक संपली होती. मधल्या काळात सगळे शेतकरी उठून रस्त्यावर बसले होते आणि बोलणी होऊन उठलेही होते. बैठकीतल्या अधिकाऱ्यांनी मला जे सांगितलं त्यात रस्त्याचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या दिवशी बाकीच्या दैनिकांत रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांचे फोटो होते. आमच्या दैनिकात बैठक शांततेत पार पडली होती.

संपादकांनी आवाज चढवला नाही. तब्येत सांभाळा म्हणाले, आणि दिवाळीनंतर मुख्य कार्यालयात डेस्कवर या. डेस्कचं काम कमी प्रतीचं नाही. तिथे वेळेवर जेवण आणि जवळ स्वच्छतागृह असतं. पण घटना घडते तिथे उभं राहायचं, म्हणून मी या धंद्यात आलो होतो. दुसऱ्यानं पाहिलेलं दुरुस्त करत बसण्याची माझी तयारी नव्हती. दिवाळीला चार महिने होते.

त्या संध्याकाळी जिना चढताना मला मधेच बसावं लागलं. काकू तुळशीला पाणी घालत होत्या.

‘सकाळपास्न काय खाल्लं?’ त्यांनी विचारलं.

‘काही नाही.’

‘काल?’

मी खिचडी, केळी आणि दूध सांगितलं. मग, का कोण जाणे, उपासाचंही सांगितलं.

काकूंनी तांब्या खाली ठेवला. ‘देवाला मधी घातलं ते घातलं, वरून तांब्याभर दूध पेला? अरे, बी आठ दिवस कोरडं ठिवलं अन् एका दिवशी बादली वतली, तर कोंब येतो का? कुजतं ते.’ मग त्या म्हणाल्या, ‘साबुदाण्यावर आळ घेऊ नको. त्याचा गुन्हा मला दिसत न्हाई.’

त्यांनी माझे सगळे रिपोर्ट मागवले आणि ओट्यावर चष्मा लावून ओळ न् ओळ वाचले. रक्त जातं का, ताप येतो का, वजन किती उतरलं, असं विचारलं. वजन चार किलो उतरलं होतं. ‘उद्या आधी डॉक्टरला हे सांग. रोगाला मी हात लावत न्हाई. मी फक्त ताटाला हात लावते.’ डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. वजन उपासमारीनं उतरलं असा त्यांचा निष्कर्ष निघाला आणि ते रागावले. पाकिटातली चिठ्ठी घेऊन मी आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी दोन पानांचा छापील कागद दिला. तो पाहून काकू आत गेल्या आणि तसाच, पिवळा पडलेला कागद घेऊन आल्या. त्यांना तो नऊ वर्षांपूर्वी मिळाला होता.

पहिल्या पानावर काय काही आठवडे बंद करायचं ते होतं. कांदा, लसूण, गहू, तूरडाळ, हरभरा, दूध, आंबा, सफरचंद. मला वाटलं, यात माझं अख्खं जेवण गेलं. काकूंना तसं वाटत नव्हतं. ज्वारीची भाकरी, भात, मुगाचं पातळ वरण, दोडका, बटाटा, गाजर, अंडं, एक मोसंबी. ‘घनसावंगीची मोसंबी खायला मिळती अन् तोंड पाडून बसतो,’ त्या म्हणाल्या.

त्यांनी माझं वेळापत्रक बदललं. सातला कांद्याशिवाय पोहे. अकराला अर्धी भाकरी. तीनला दहीभात, साखर न घातलेला आणि फक्त दोन चमचे दह्याचा. साडेसातला जेवण. ‘भूक लागायची वाट पाहू न्हाई. भूक लागली की माणूस खात न्हाई, भरतो.’ प्रत्येक वेळचं थोडं, चावून. डबा त्या देत. डब्यात चिठ्ठी असे: ‘११. बसून खा. गाडीत न्हाई.’

लसणाशिवाय जेवण मला पेंढ्यासारखं लागे. त्यावर त्यांची युक्ती होती. तेलात लसूण खरपूस तळायचा, पाकळी न् पाकळी काढून टाकायची आणि त्या तेलात भाजी फोडणीला द्यायची. वास तेलात उतरतो, त्रास देणारा भाग पाकळीत राहतो. काढलेला लसूण काकांच्या वाटीत जाई. ते तो भाकरीवर कुस्करत आणि म्हणत, ‘ह्या आजारात माझी लई बरकत हाय.’

मला रोज निकाल हवा असे. दुसऱ्याच दिवशी मी सांगू लागलो की फरक नाही. काकूंनी ऐकून घेतलं नाही. ‘कागद उघडू नको. मोजणीचा दिवस येऊ दे.’ तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी माझ्या लक्षात आलं की पँटचं बटण सकाळपासून लागलेलं आहे. सहाव्या आठवड्यात वजन दीड किलो वाढलं होतं.

इथपर्यंत काकूंचं सगळं बरोबर होतं.

मी कागदाचं दुसरं पान वाचलं. पूर्ण दस्तऐवज वाचायचा, ही आमच्या धंद्याची सवय. तिथे ठळक लिहिलं होतं की पहिलं पान कायमचं नाही. सहा आठवड्यांनी एकेक पदार्थ परत आणायचा. तीन दिवस थोडा थोडा वाढवत, मग तीन दिवस थांबून, आणि आपल्याला नेमकं काय सोसत नाही एवढंच शोधायचं. बाकीचं खायचं, नाहीतर शरीराला कमी पडतं. मी ते काकूंना दाखवलं.

‘बराबर चालून राह्यलं ना?’ त्या म्हणाल्या. ‘मंग हात कशाला लावायचा?’

‘काकू, तुम्ही दुसरं पान केलं होतं का?’

त्या भांडी लावू लागल्या. काका पेपरामागून म्हणाले, ‘नऊ वर्सं झाली. पान पलटलं न्हाई.’

‘वाचलंय मी,’ काकू म्हणाल्या. ‘केलं न्हाई.’

मग त्यांनी सांगितलं. आवाज नेहमीचाच होता, भाजीवाल्याशी बोलतानाचा. मुलीच्या लग्नात पोटानं दगा देऊ नये म्हणून त्या दोन दिवस उपाशी राहिल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. सकाळी चक्कर आली तेव्हा बायकांनी बळंच बुंदी आणि दूध दिलं. अक्षता पडल्या तेव्हा त्या मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला, कडी लावून बसलेल्या होत्या. मंगलाष्टकं ऐकू आली. सगळे त्यांना शोधत होते आणि त्यांनी ओ दिली नाही.

‘त्यानंतर हा कागद मिळाला. पहिल्या पानानं बरं वाटलं. मी म्हणलं, आता हितंच थांबायचं. अन् एक ठरवलं, पोटाचं लपवायचं न्हाई. कुणापुढंच न्हाई.’

मांडवातला तो मोठा आवाज कुठून आला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

मी त्यांना त्यांच्याच कामातला प्रश्न विचारला. तुलनेसाठी लावलेला वाण नऊ वर्षं तसाच ठेवला आणि शेजारी दुसरं काही लावलंच नाही, तर त्याला चाचणी म्हणायचं का? काकूंनी भांडी बाजूला सारली. ‘पत्रकार, तू लई शाना झाला,’ त्या म्हणाल्या आणि कानामागची पेन्सिल काढली.

दुसरं पान आम्ही बरोबर केलं. एकच पदार्थ, एकाच दिवशी, दोघांनी. पहिला गहू, अर्ध्या पोळीपासून. पोळी समोर आली तेव्हा काकूंनी ती उलटीपालटी करून पाहिली. नऊ वर्षं त्या काकांसाठी रोज पोळ्या लाटत होत्या. पहिला घास त्यांनी इतका वेळ चावला की काका म्हणाले, ‘गिळ की. तिकीट काढलंय आता.’ दोघांचंही पोट एका पोळीपर्यंत शांत राहिलं. मला दोन चालल्या, काकूंना दीड. तूरडाळ वाटीभर चालली नाही, अर्धी चालली. चहातलं दूध चाललं, पेलाभर नाही. कांद्यानं दोघांनाही दुसऱ्याच दिवशी झोपवलं. काकूंनी कांद्याच्या चिठ्ठीवर ‘कुजलं’ असं लिहिलं आणि त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. आठ शत्रू होते, त्यातला एक पक्का निघाला आणि बाकीच्यांशी बोलणी होऊ शकत होती.

माझ्यावर उपचार डॉक्टरांनी केला आणि शास्त्र त्या छापील कागदाचं होतं. पण लाज न बाळगता जेवायला मी काकूंकडून शिकलो. ते कुठल्याही पानावर छापलेलं नव्हतं.

दिवाळीला तीन आठवडे उरले असताना हसनाबादजवळच्या एका गावात ग्रामसभा लागली. विषय विहिरीच्या पाण्याचा होता, आधी गावाला की मेंढपाळांच्या वस्तीला. सभा दिवसभर चालणार हे उघड होतं. मी संपादकांना फोन करून सांगितलं की मी जातो. ‘पूर्ण थांबणार असाल तर जा,’ म्हणाले. याचा अर्थ मला कळला.

सकाळचे पोहे झाले होते. अकराला देवळाच्या पायरीवर बसून अर्धी भाकरी खाल्ली. दीडला सभा जेवणासाठी थांबली. एका शेतकऱ्यानं मला घरी नेलं. ओसरीवर दहा-बारा जण बसले होते. ताटं आली, कांद्याचा लालभडक रस्सा. यजमानांनी विचारलं, ‘पत्रकार सायेब, आज कोणता वार?’ माझी कीर्ती तिथवर पोचली होती.

मी म्हणालो, ‘वार कुठलाच नाही. उपास मी खोटं सांगत होतो. मला आतड्याचा त्रास आहे. कांदा खाल्ला की पोट फुगतं. भाकरी, भात चालतो. कांदा न घातलेलं काही असेल तर थोडं वाढा.’

यजमानांनी रश्श्याचं ताट माझ्यापुढून उचललं. मग कोपऱ्यातले एक म्हातारे म्हणाले, ‘हे पह्यले सांगायचं व्हतं राव. माझं वांग्यानं तसंच व्हतं. सुनंला सांगायची लाज वाटती.’

आतून सून म्हणाली, ‘मंग दर बाजाराला वांगे मागून आणता कशापायी, मामंजी?’

सगळे हसले. एकानं हरभऱ्याचं सांगितलं, एकानं दुधाचं. माझ्यासाठी फोडणीआधीचं वरण बाजूला काढलं गेलं. मी भाकरी, वरण, भात खाल्ला आणि हात धुऊन सगळ्यांच्या आधी सभेत जाऊन बसलो.

सभा संपत आली तेव्हा लोक उठू लागले होते. बाकीच्या दैनिकांचे दोन वार्ताहर निघून गेले होते. तेव्हा वस्तीवरच्या एक वयस्कर बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मेंढरं पहाटं पाणी पेतात, तुमची मोटर सात वाजता सुरू व्हते, मंग भांडण कशाचं? कुणी हे विचारलंच नव्हतं. सरपंचांनी लोकांना परत बसवलं. पहाटेचं पाणी वस्तीला, सातनंतरचं गावाला, असा ठराव झाला.

ही बातमी फक्त आमच्याकडे होती. संपादकांनी फोन केला आणि दुसऱ्या एका गावच्या सभेबद्दल विचारलं, ती पुढच्या महिन्यात होती. डेस्कचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

काकूंनी पेपर ओट्यावर पसरून बातमी वाचली, रिपोर्ट वाचत तशी, ओळ न् ओळ. मग चष्मा काढला.

‘सभा किती वाजता उठली?’

‘सव्वापाचला.’

‘अन् तू?’

‘सतरंजी गुंडाळायला लागले तेव्हा,’ मी म्हणालो. ‘मी बसलो होतो ती शेवटची होती.’